मामंजींनी सांगितलेल्या हद्दी

आटोळीला गाव म्हणायचं ते कागदावर. एरवी ते चालतं. उजनीचं पाणी जिकडं सरेल तिकडं त्याच्या मागं मागं जातं, आणि पाणी परत फिरलं की बिऱ्हाड डोक्यावर घेऊन पुन्हा वर चढतं. धरण झालं तेव्हा सरकारनं सोलापूर रस्त्याच्या कडेला माळावर नवी आटोळी आखून दिली होती. सरळ रांगेत प्लॉट, मधून रस्ते, शाळा, समाजमंदिर, सगळं पट्टी धरून आखलेलं. फक्त पोटापाण्याची सोय तेवढी आखायची राहिली होती. माणसं दोन-तीन वर्षं त्या रांगांमध्ये कशीबशी बसली आणि मग एकेक करून काठाकडं सटकली. कारण मोटर पाण्यावर ठेवावी लागते. मोटर आली की केबल आली, केबल आली की चोर आला, चोर आला की राखणीला माणूस आलं. माणसाला भाकरी लागते, म्हणून चूल आली. आणि चुलीमागं बाईमाणूस आलं की तिथं वस्ती झालीच समजायची.

बरं, काठावर तरी एका जागी बसावं, तर तेही नाही. ऐन पावसाळ्यात पाणी जिथं टेकतं तिथं पत्र्याची घरं. माघ महिन्यापासून पाणी मागं हटायला लागलं की मोटरी खाली, पाइप खाली, आणि मोटरींच्या मागं झोपड्याही खाली. पाण्याखालून जे गाळाचं रान उघडं पडतं त्यावर कलिंगड, काकडी, दोडका असं तीन महिन्यांत हाताला येणारं पीक घ्यायचं, इंदापूर-बारामतीच्या बाजारात न्यायचं, आणि पावसाचं पाणी टाचेला लागलं की पुन्हा वर. ते रान कधीच सरकारजमा झालेलं. पण पाणी हटलं की ज्याचं त्यानं कसायचं, ही गावची रीत. आता गाळाखाली ना बांध दिसतो ना झाड. मग ज्याचं कुठलं आणि त्याचं कुठलं, हे ठरवायचं कुणी?

ते ठरवायची दगडाबाई.

पासष्टी ओलांडलेली, काटकुळी, नाकावर गोंदण, कमरेला चुन्याची डबी आणि हातात शेवरीची काठी. दर माघात पाणी हटायला लागलं की सगळी आटोळी काठावर जमायची आणि दगडाबाई पुढं होऊन चिखलात पाय टाकायची. ती पावलं मोजायची, मागून सारजा चुन्याच्या फक्कीची रेघ मारत यायची. या कामात बोलायचं नाही, अशी दगडाबाईची सक्त ताकीद. जो मध्ये तोंड उघडील त्याच्या पट्ट्यातलं एक पाऊल कमी. एका वर्षी कुंडलिकला नेमकी शिंक आली, तर बाईनं शिंकेचंही अर्धं पाऊल कापलं. या कामाची तिला मजुरी नव्हती. प्रत्येक पट्ट्यातलं पहिलं कलिंगड तेवढं दगडाबाईच्या झोपडीत पोचतं करायचं. आणि कलिंगड पांढरट निघालं, तर पुढल्या वर्षी त्या माणसाच्या हद्दीत पावलं जरा आखूड पडायची. पाय म्हातारा झाला बाबा, असं ती वर म्हणायची.

हा मान तिला मिळाला तो सासऱ्यामुळं. तिचे मामंजी म्हणजे जुन्या आटोळीचा चालताबोलता सात-बारा. कुणाचा बांध कुठं, कुणाची बाभळ कुणाच्या हद्दीत, पाटलाचं रान कुठल्या दगडाला संपतं, सगळं त्यांच्या डोक्यात. धरण भरलं, जुनी आटोळी बुडाली आणि पाच वर्षं कुणाला जमिनीचं तोंड दिसलं नाही. पाणी पहिल्यांदा भरपूर हटलं त्याच्या आदल्याच महिन्यात मामंजी अंथरुणाला खिळून गेले. उशाशी सून एकटीच होती, तिचा नवरा ट्रकवर बाहेरगावी. गावानं आपलं गणित केलं. एवढं डोक्यात असलेला माणूस जाताना कुणाला तरी सांगूनच गेला असणार, आणि सांगायला जवळ होती ती सूनच. उघड्या पडलेल्या चिखलावर पुरुषमाणसं कुऱ्हाडी घेऊन एकमेकांसमोर उभी राहिली, तेव्हा कुणीतरी ओरडलं, "आरं, दगडाला इचारा. म्हाताऱ्यानं तिला समदं सांगितलंय."

म्हाताऱ्यानं काय सांगितलं होतं ते दगडाबाईच जाणे. शेवटचे आठ दिवस मामंजी दोनच विषयांवर बोलत होते. एक, गुळाचा चहा. दुसरा, त्यांच्या तरुणपणी भिगवणच्या बाजारात एकानं त्यांना आंधळा बैल विकला होता, त्याला दिलेल्या शिव्या. हद्दींचा ह सुद्धा त्यांनी काढला नाही. पण समोर कुऱ्हाडी होत्या आणि पंचवीस वर्षांची दगडाबाई काही मूर्ख नव्हती. तिनं पदर खोचला, डोळे मिटले, मामंजींचं नाव घेतलं आणि चालायला लागली.

तिनं त्या दिवशी जे गाव मांडलं ते तिच्या मनातलं होतं. कुंडलिक आणि त्याचा सख्खा भाऊ एकमेकांच्या उरावर बसणारे, म्हणून त्यांच्या मध्ये तिनं सात पट्टे घातले. आज चाळीस वर्षं झाली, दोघं भाऊ कोर्टाची पायरी चढलेले नाहीत, कारण भांडायला गाठ पडेपर्यंत दम जातो. सारजा तेव्हा नुकती विधवा झालेली, पदरात दोन पोरी. तिला दगडाबाईनं अशा दोघांच्या मध्ये बसवलं की एकाकडं मोटर होती आणि दुसऱ्याकडं केबल. दोघांनाही एकमेकांकडं जायचं तर सारजाच्या पट्ट्यातनं जावं लागे, म्हणून सारजाला पाणी फुकट. दारू पिणाऱ्याला तिनं पाण्यापासून लांब ठेवला, म्हणजे पडला तरी चिखलात पडेल. आणि पट्ट्यावर झोपडी, झोपडीवरून वरचं पत्र्याचं घर, असं करत करत अख्खी आटोळी त्या एका दुपारच्या मांडणीवर वसली. गाव म्हणे, मामंजी देवमाणूस, सगळं तंतोतंत सांगून गेले.

खरं तर तिला दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक म्हणजे तिचं स्वतःचं रान कुठं होतं ते, कारण तिथं तिनं चार वर्षं खुरपलं होतं. दुसरी गोष्ट ती कुणापाशी बोलत नसे, तेव्हा आपणही जरा दमानं घेऊ.

आता या मानात एकच खडा होता, आणि तो तिच्या शेजारीच राहायचा. आबाजी. सत्तरीचा, उंच, तिरका चालणारा आणि तिरकाच बोलणारा. पोरवयात मामाकडं माळेगावला गेला, कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्यांवर राबला, आणि बाप वारल्यावर बायको घेऊन परत आला तेव्हा गाव पाण्याखाली गेलेलं. स्वतःचं रान त्यानं कळत्या वयात पाहिलेलंच नव्हतं. त्याच्याजवळ होती ती बापाची एक गोष्ट. आमचं रान काठाला आणि आमच्या हद्दीला नांगराचा दगड. आज्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं दगडावर नांगर कोरून घेतला होता. दगडाबाईनं आबाजीला पट्टा दिला तो काठालाच आणि आपल्याला लागून. तरी आबाजी दरवर्षी रेघेजवळ उभा राहून तेच म्हणायचा, "वहिनी, माझी दोन पावलं खाल्ली तुमी." बोलल्याबद्दल एक पाऊल कापलं जायचं, मग तो म्हणायचा, "आता तीन खाल्ली." आणि त्याचं पहिलं कलिंगड न चुकता पांढरट निघायचं. पन्नास कलिंगडांतून असं एक हुडकून काढायलाही अक्कल लागते, आणि ती आबाजीकडं भरपूर होती.

त्याची बायको रतन होती तोवर या भांडणाला चव होती. नवरा रेघेवर तावातावानं बोलत असायचा तेव्हा रतन झोपडीमागं तोंडात पदर कोंबून हसायची. संध्याकाळी नवऱ्याच्या नकळत दगडाबाईला मरळ माशाचा तुकडा आणून द्यायची आणि दोघी खी-खी करत बसायच्या. सहा वर्षांपूर्वी रतन गेली. तेव्हापासून दगडाबाईला आबाजीचा नुसता राग यायचा, सोबत हसायला कुणी उरलं नव्हतं.

यंदा पाणी कधी नव्हे एवढं खाली गेलं. धरण मायनसमध्ये, म्हणजे मृत साठ्यात गेलं, मग मायनस पन्नास, मग त्याच्याही खाली. जुन्या आटोळीच्या विहिरीचं कडं उघडं पडलं. पाइपाला पाइप जोडून माणसं टेकीस आली. आणि चैत्रात, बारामतीच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या बाई, स्वरूपा मॅडम, हातात नकाशा घेऊन काठावर उतरल्या.

मॅडमना अभ्यास करायचा होता तो वस्त्यांचा. सोमेश्वरनगर कारखान्याभोवती गोल कसं वाढलं, अंथुर्ण्याकडची वस्ती कालव्याला धरून लांबोळकी कशी झाली, हे त्यांनी मांडून झालं होतं. पाण्याच्या काठची आटोळी मात्र त्यांच्या कुठल्याच साच्यात बसेना. सख्खे भाऊ सात पट्टे लांब का? विधवेची झोपडी सगळ्यात मोक्याच्या जागी कशी? त्यांनी दगडाबाईला झोपडीसमोर खाट टाकायला लावून विचारलं, "आजी, ही वसाहत अशी कशामुळं झाली असेल? जमिनीचा उतार, मातीचा पोत, पाण्याची उपलब्धता, नेमकं काय?"

दगडाबाईनं गंभीरपणे मान डोलावली. "उतार. माती बी हाय. आन् ते तुमी शेवटाला म्हणलात ते बी."

मॅडमनी लिहून घेतलं. पलीकडं पाइपाला दोरी बांधत बसलेला आबाजी जोरात खाकरला.

"लिवू नगा, म्याडम. उतार न्हाय आन् माती न्हाय. हिच्या सासऱ्याची थाप हाय समदी."

"भावजी, मेल्या माणसाबद्दल तोंड सांभाळून बोला."

"म्हातारा चांगलाच व्हता. थाप तुमची. यंदा पाणी पार बुडाला गेलंय. माझा नांगराचा दगड आता न्हाय घावला तर कवा घावनार? घावला आन् तुमच्या रेघंवर नसला, तर काय करणार बोला."

काठावर बोलणं लपत नाही. बघता बघता पंधरा-वीस माणसं गोळा झाली. त्यात सून संजीवनीही होती. विजयसिंह, दगडाबाईचा मुलगा, इंदापुरात ठिबकचं दुकान चालवायचा आणि त्यानं नव्या आटोळीत रस्त्याला स्लॅबचं घर बांधलं होतं. आईनं तिथं येऊन पंख्याखाली बसावं म्हणून नवरा-बायको चार वर्षं मागं लागले होते. संजीवनी सोमेश्वरनगरच्या कॉलनीत वाढलेली, जिथं प्रत्येक दाराला नंबर असतो. सासू दर चार महिन्यांनी पत्ता बदलते याची तिला मनापासून लाज वाटायची. डबा घेऊन ती आजही आली होती आणि चिखलात तिची चप्पल अजून अडकूनच होती.

एवढ्या माणसांपुढं माघार घेणं दगडाबाईच्या रक्तात नव्हतं. ती उठली. "दगड माझ्या रेघंवर नसला तर काठी तुमच्या हातात दीन. आन् कायमची वर जाऊन बशीन, ह्या संजूच्या पंख्याखाली. पुन्हा काठावर पाय ठेवणार न्हाय."

"आत्या, खरं म्हणताय?" संजीवनीचा चेहरा उजळला.

"आन् माझ्या रेघंवर घावला तर," दगडाबाई आबाजीकडं बोट करून म्हणाली, "तुमी माझ्या दारात पट्ट्यातलं सगळ्यात लाल कलिंगड आणून ठेवायचं, आन् समद्या गावाम्होरं म्हणायचं, वहिनी खरी."

आबाजी कबूल झाला. गाव खूश झालं. संजीवनी तर दुसऱ्या दिवसापासून आबाजीला चहा पाठवू लागली.

दगडाबाईला मात्र त्या रात्री घास गेला नाही. पंख्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण वर, त्या रांगेतल्या घरात, ती कोण? विजाची आई, संजूची सासू. सकाळी उठून रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या. इथं पाण्यानं पाऊल मागं घेतलं की अख्खं गाव तिच्या पावलाकडं बघत होतं. तिला काठ सोडायचा नव्हता, मरायचं झालं तरी याच चिखलात मरायचं होतं. आणि तिला हेही ठाऊक होतं की आबाजीचा दगड तिच्या रेघेवर नाही. हीच ती दुसरी गोष्ट. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मामंजींनी लांबून नदीकडं बोट दाखवून तिला तो दगड दाखवला होता.

आबाजी रोज सकाळी पहार घेऊन निघायचा. आधी रेघेच्या आसपास खणून झालं, मग थोडं खाली, मग आणखी खाली. पाणी रोज हातभर मागं जायचं आणि आबाजी त्याच्या मागं हातभर सरकायचा. दगडाबाई झोपडीच्या दारात बसून बघायची. सुरुवातीला तिनं त्याला भलतीकडं पाठवायचा घाट घातला. "भावजी, मामंजी म्हणायचे विहिरीच्या उगवतीला बघा." दोन दिवस तो बिचारा विहिरीच्या उगवतीला खणत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ही बाई आपल्याला मदत करते आहे म्हणजे दगड नक्कीच मावळतीला असणार. तो सरळ नदीकडं वळला. दगडाबाईनं स्वतःच्याच तोंडात मारून घेतल्यासारखं कपाळ बडवलं.

वैशाखातल्या एका सकाळी आबाजी खणायचा थांबला.

ती दारातून बघत होती. लांब, अगदी पाण्याच्या कडेला, जिथं कुणी मोटरसुद्धा लावत नाही एवढ्या खाली, तो वाकला, बसला आणि मग उठेचना. घटका झाली, दोन झाल्या. दगडाबाईनं भाकरी फडक्यात बांधली, काठी घेतली आणि गुडघाभर चिखल तुडवत निघाली. भाकरी हे निमित्त.

आबाजी चिखलात फतकल मारून बसला होता. पुढ्यात कलता दगड, अर्धा अजून गाळात, आणि वरच्या अर्ध्यावर ओबडधोबड कोरलेला नांगर. त्यानं तो पाण्यानं धुऊन काढला होता. तो मान वर न करता म्हणाला, "वहिनी, घावला."

"दिसतंय."

"आज्याचा नांगर हाय. आमचं रान हे. नदीच्या अगदी काठाला. बाप म्हणायचा, गावातली सगळ्यात चांगली काळी आमची." तो जरा थांबला. "हे रान चाळीस वर्सांत कधी उघडं पडलं का?"

"आज पहिल्यांदा."

"म्हंजी दगड आधीच घावला असता तर मला काय मिळालं असतं?"

"गाळ. आन् तो बी पाण्याखालचा."

आबाजीनं वर बघितलं. आपल्या झोपडीकडं, कलिंगडाच्या हिरव्या पट्ट्याकडं, वर चढणाऱ्या पाइपाकडं, त्याच्याही वर ज्या पत्र्याच्या घरात त्याची तीन पोरं झाली आणि रतन गेली त्या घराकडं. माळेगावच्या ट्रॉल्यांवर आकडेमोड न करता नुसत्या नजरेनं उसाचं वजन सांगणारा माणूस तो. त्याला हिशेब लागायला वेळ लागला नाही.

"मग मी कसतोय ते रान कुणाचं?"

दगडाबाई भाकरीची गाठ सोडत बसली. गाठ काही सुटेना.

"वहिनी, कुणाचं?"

"आमचं. आमचा पट्टा दुप्पट रुंद व्हता. मधनं रेघ मारली."

आबाजीच्या हातातली पहार चिखलात कलंडली. चाळीस वर्षं तो या बाईच्या दारात उभा राहून तिच्याच रानातली दोन पावलं परत मागत होता. मागताना शिव्या देत होता आणि वर पांढरट कलिंगड आणून देत होता. त्याचा चेहरा असा झाला की दगडाबाईला इतक्या टेन्शनमध्येही हसू फुटलं.

"का म्हणून दिलं? मालकांना न इचारता?"

"मालक ट्रकवर. आन् तुमच्यासाठी दिलं न्हाय, उगं भाव खाऊ नका. तुमच्याकडं मोटर व्हती आन् आमच्याकडं नव्हती, हे एक." तिनं भाकरीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "दुसरं म्हंजी रतन. नवीन गावात तुमाला काठाला रान नसतं तर तुमी परत माळेगावला गेला असता. मग मी कुणाशी बोलायचं? सासू नव्हती, जाऊ नव्हती, नवरा म्हयन्यातनं दोनदा यायचा. ती एकटी व्हती मला."

"तिला ठावं व्हतं?"

"पहिल्या दिसापासनं. तुमी दोन पावलं मागायला आलात की आमी दोघी हसून हसून लोळायचो."

आबाजीचे खांदे हलायला लागले. हसतोय की रडतोय हे दगडाबाईला कळेना, बहुधा त्यालाही कळत नव्हतं. रतनच्या आठवणीनं तिनंही पदरानं नाक पुसलं. लांबून बघणाऱ्या सारजाला वाटलं, दोघं म्हातारे चिखलात बसून भांडायलाच लागले.

शेवटी दगडाबाईनं काठी त्याच्यापुढं धरली. "घ्या. पैज हरले मी."

आबाजीनं काठीकडं बघितलंही नाही. तो पाण्याकडं बघत होता. "खताचं रिकामं पोतं हाय का झोपडीत?" तो म्हणाला.

दुपारपर्यंत अख्खी आटोळी काठावर जमली. खालून आबाजी येत होता. प्लास्टिकच्या पोत्यावर दगड ठेवलेला, पोत्याला केबलची दोरी, आणि सत्तरीचा आबाजी बैलासारखा मान खाली घालून चिखलावरून ते ओढत होता. ओल्या गाळावर पोतं सरकत होतं खरं, पण चढ होता. कुणी हात लावायला पुढं झालं की तो गुरकायचा. दगडाबाई मागून काठी टेकत येत होती. स्वरूपा मॅडम नेमक्या त्याच दिवशी विद्यार्थ्यांना घेऊन आल्या होत्या. संजीवनीनं सासूची पेटी बांधायला घेतली होती, ती ट्रंक तशीच उघडी टाकून बाहेर आली.

आबाजी फक्कीच्या रेघेपाशी थांबला. दम खाल्ला. पहारीनं खड्डा घेतला आणि दगड उभा केला.

"हितंच घावला," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "वहिनी खरी."

"अवं आबा, मगा तर खालनं वढून आणत हुतासा," कुंडलिक म्हणाला.

"धुवायला न्हेला हुता," आबाजी म्हणाला. "गाळ लई व्हता त्याला."

कुंडलिकनं पाण्याकडं बघितलं, दगडाकडं बघितलं, आबाजीच्या लाल झालेल्या हाताकडं बघितलं. मग त्याच्या मनात आलं असावं की हा दगड चुकीचा ठरला तर उद्या सगळेच दगड शोधावे लागतील, आणि आपलं रान सख्ख्या भावाला लागून निघायला वेळ लागणार नाही. "व्हय," तो घाईनं म्हणाला, "धुवायलाच न्हेला असंल." सारजानंही तेच म्हटलं. मग सगळ्यांनीच म्हटलं.

"म्हणजे हा दगड मूळ जागेवर आहे?" मॅडमनी वही उघडून विचारलं.

"अगदी मूळ," आबाजी म्हणाला. मॅडमनी फोनवर त्या जागेची खूण घेतली, नकाशावर लाल टिंब काढलं आणि खाली लिहिलं, पारंपरिक सीमाचिन्ह. बारामतीच्या कॉलेजात आज तो नकाशा चौकट करून लावलेला आहे.

आता दगडाबाईनं जवळ येऊन दगडाकडं बघितलं. दगड रेघेवर नव्हता. रेघेच्या दोन पावलं आत होता, आबाजीच्या बाजूला. आबाजीनं सरळ स्वतःच्या पट्ट्यातली दोन पावलं सोडली होती आणि आता तो आकाशाकडं बघत उभा होता.

तिला सगळं कळलं. काठीनं तिनं दगडावर दोनदा टकटक केलं.

"भावजी, चुकला तुमी. दोन पावलं पलीकडं. रेघंवर."

"वहिनी, ऱ्हाऊ द्या की."

"ऱ्हाऊ द्या कसं?" दगडाबाई कडाडली. "मामंजींनी जाताना मला हितंच सांगितलंय. मेल्या माणसाचा शबुद मोडायचा का?"

चाळीस वर्षं दोन पावलं मागणारा माणूस आता ती घ्यायला तयार नाही आणि देणारी बाई ऐकत नाही, हे काय चाललंय, ते आटोळीत कुणालाच समजलं नाही. आबाजीनं मुकाट्यानं दगड उपटला, रेघेवर नेऊन रोवला आणि पायानं भोवतीची माती दाबली. बोलल्याबद्दल या खेपेला त्याचं पाऊल कापलं गेलं नाही.

संजीवनी ट्रंक बंद करायला आत गेली, पण आत्यांनी तिला ती परत उघडायला लावली.

संध्याकाळी आबाजी आपल्या पट्ट्यात बराच वेळ फिरला. एकेक कलिंगड उचलून कानाशी धरी, बोटानं वाजवी आणि खाली ठेवी. शेवटी एक निवडलं, खांद्यावर घेतलं आणि दगडाबाईच्या दारात आणून ठेवलं. तिनं विळीवर चिरलं. आतून लालभडक, साखरेचे कण दिसणारं. तिनं सालीपर्यंत खाल्लं, बोटं चाटली आणि बी बाहेर थुंकलं.

"जरा पांचट हाय," ती म्हणाली.

आबाजी हसत हसत दुसरं आणायला गेला.